नव्या प्रणालीचा स्मार्टफोन घ्यावा काय?

सोयाबीनची रास घरी आली, काही पोती बाजार समितीत गेली, की दसरा-दिवाळीच्या तोंडावर हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानांत वर्दळ वाढते. घरात एक नवा हँडसेट घ्यायचा असतो आणि तो सहा-सात हजारांच्या आत बसवायचा असतो. काउंटरवर मांडलेल्या फोनांत अधूनमधून असाही एखादा येतो, की जो बरोबरीच्या इतर फोनांपेक्षा हजार-दीड हजाराने स्वस्त असतो. त्यात अँड्रॉइड नसून दुसरीच एखादी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे विक्रेता सांगतो खरे, पण ओझरते. पडदा ठीक, बॅटरी दमदार, दिसायला देखणा. घ्यावा की न घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रणाली चांगली की वाईट, वेगवान की संथ, देशी की विदेशी, अशा चर्चेत शोधले जाते. ती चर्चा रंजक असली तरी ग्राहकाच्या फारशी उपयोगाची नाही. आजवर ज्या प्रणाली बुडाल्या त्यांतील काही रचनेच्या दृष्टीने उत्तमच होत्या. ग्राहकाने पाहायचे ते वेगळेच आहे. आपल्याला लागणारी अ‍ॅप या फोनवर आज चालतात काय, आणि आणखी तीन-चार वर्षे चालत राहतील काय? शहरी नोकरदाराला या प्रश्नाचे उत्तर चुकले तर थोडी गैरसोय होते. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याच्या सुमारे पावणेबारा लाख लोकसंख्येपैकी जेमतेम १५ टक्के लोक शहरांत राहत होते. उरलेल्यांतील बहुतेकांचे पोट शेतीवर. त्यांच्या बाबतीत चुकीच्या फोनची किंमत कधीकधी एका हंगामाइतकी होऊ शकते.

ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली, म्हणजे फोनची यंत्रसामग्री आणि वापरणारा यांच्यामधला दुभाष्या. कॅमेरा, पडदा, ध्वनिवर्धक, उपग्रहावरून ठिकाण ओळखणारी जीपीएस यंत्रणा या सर्वांना कामाला लावणारी ही आज्ञावली. व्हॉट्सअ‍ॅप असो वा बँकेचे अ‍ॅप, ते एका विशिष्ट प्रणालीसाठी लिहिलेले असते. अँड्रॉइडसाठी लिहिलेले अ‍ॅप आयफोनवर चालत नाही आणि आयफोनचे अँड्रॉइडवर चालत नाही. नवी प्रणाली आली म्हणजे प्रत्येक अ‍ॅप तिच्यासाठी पुन्हा लिहावे लागते, निदान जुळवून तरी घ्यावे लागते. हे काम करण्याची तसदी कोण घेणार, यावर त्या प्रणालीचे आयुष्य ठरते.

सातबारा फोनमध्ये आला

तलाठ्याने गावात येऊन पीकपेऱ्याची नोंद करावी, ही पिढ्यानपिढ्यांची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून बदलली. राज्य शासनाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विकसित केलेले ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप त्या दिवसापासून राज्यभर लागू झाले. आपल्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच शेतात उभे राहून करायची, पिकाचे छायाचित्र काढायचे आणि जीपीएसने त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याला जोडले जायचे, अशी ही व्यवस्था. पुढे देशपातळीवरील डिजिटल पीक सर्वेक्षणाशी सांगड घालून तिची नवी आवृत्ती आली. अ‍ॅप मिळते ते गुगल प्ले स्टोअरवर. म्हणजे कॅमेरा हवा, जीपीएस हवे आणि प्ले स्टोअर हवे. यांतील पहिल्या दोन गोष्टी आता स्वस्त फोनांतही असतात. नव्या प्रणालीच्या फोनात नेमकी तिसरी नसते.

या नोंदीला किती महत्त्व आहे, ते २०२४ मध्ये कळून आले. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा लाभार्थी निवडताना ई-पीक पाहणीची नोंद हा आधार धरण्यात आला. ज्यांची नोंद झालेली नव्हती त्यांनी ओरड केली आणि ती अट नंतर शिथिल झाली. पण प्रत्येक वेळी अट शिथिल होईलच, असे धरून चालता येत नाही. दोन हेक्टर सोयाबीनवाल्याच्या दृष्टीने हा १०,००० रुपयांचा हिशेब होता. फोन घेताना वाचवलेले हजार-दीड हजार त्यापुढे काहीच नाहीत.

यादी एवढ्यावर थांबत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय जून २०२३ मध्ये सुरू झाली. बोटांचे ठसे झिजलेल्या वयस्कर शेतकऱ्यांना तिचा मोठाच दिलासा मिळाला. पीक विम्यात स्थानिक आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्यासाठी ‘क्रॉप इन्शुरन्स’ हे अ‍ॅप देण्यात आले होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज जुलै २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपसाठी गावोगाव एकच झुंबड उडाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे वीज पडण्याचा आगाऊ इशारा देणारे अ‍ॅप मराठवाड्यासारख्या, दरवर्षी विजेने माणसे आणि जनावरे दगावणाऱ्या प्रदेशात प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनात असायला हवे. आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातील हळदीचे भाव व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरतात, हे तर वसमतच्या हळद उत्पादकाला निराळे सांगायला नको.

महा ई-सेवा केंद्रात जाऊन किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून यांतील पुष्कळ कामे होऊ शकतात, हे खरे. ई-पीक पाहणीत एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय सुरुवातीपासून ठेवण्यात आली, ती याच विचाराने. परंतु केंद्रावरच्या रांगेत दिवस मोडायचा असेल, शेजाऱ्याला हातातले काम टाकून आपल्या शेतापर्यंत न्यायचे असेल, तर स्वतःचा स्मार्टफोन घेतला कशासाठी, असा प्रश्न उरतो.

दोन हजारांचा स्मार्टफोन

नव्या प्रणालींचे प्रयोग भारतीय बाजारात वारंवार झाले आहेत, आणि ते झाले प्रामुख्याने कमी किमतीच्या फोनांवर, म्हणजे ज्याला फोन पुन्हा घेणे सर्वांत अवघड त्याच ग्राहकावर.

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने ‘क्लाउड एफएक्स’ हा फोन अवघ्या १,९९९ रुपयांना आणला. त्यावर मोझिला या संस्थेची ‘फायरफॉक्स ओएस’ होती. पाठोपाठ स्पाइस कंपनीचा त्याच प्रणालीचा फोन २,२९९ रुपयांना आला. दोन हजारांत स्मार्टफोन ही कल्पनाच तेव्हा भुरळ घालणारी होती. मोझिलाचा विचारही उदात्त होता. अ‍ॅपची दुकाने एक-दोन कंपन्यांच्या मुठीत नसावीत, साध्या संकेतस्थळांच्या तंत्रातूनच अ‍ॅप तयार व्हावीत, असा तो विचार. पण क्लाउड एफएक्सला थ्रीजी नव्हते, मेमरी १२८ एमबी एवढीच होती, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे अधिकृत अ‍ॅप त्यावर नव्हते. तिऱ्हाइताने बनवलेल्या जोड-अ‍ॅपवर काम भागवावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फायरफॉक्स ओएसचे फोन थांबवत असल्याचे जाहीर केले. बाजारात येऊन दीड वर्षही झाले नव्हते.

सॅमसंगचे नाव मोठे म्हणून तिची प्रणाली टिकेल, अशी अनेकांची अटकळ होती. ‘टायझन’ या प्रणालीचा ‘झेड-१’ हा फोन कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये आणला तो भारतातच, ५,७०० रुपयांना. त्यानंतर झेड-३, झेड-२, आणि २०१७ मध्ये झेड-४ आला. मग ही मालिका आटली. टायझनच्या फोनांसाठीचे अ‍ॅप-दुकान २०२१ च्या अखेरीस बंद झाले. फोन धडधाकट असूनही नवे अ‍ॅप मिळण्याची वाट त्या दिवसापासून बंद. कंपनीचे इतर व्यवहार मात्र जोरात चालू होते, आणि टायझन तिच्या टीव्हीसंचांत पुढेही राहिली. तेव्हा कंपनी बुडाली तरच प्रणाली बुडते, असे नाही. नफ्याचे गणित जुळले नाही की मोठी कंपनीसुद्धा हात काढून घेते.

याचा सर्वांत ठळक दाखला मायक्रोसॉफ्टचा. नोकिया हे भारतीय ग्राहकाच्या घरचे नाव. त्या कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये स्वतःची सिम्बियन प्रणाली बाजूला सारून विंडोज फोनची कास धरली. नोव्हेंबर २०११ मध्ये ल्युमिया ८०० भारतात आला आणि अवघ्या सातेक महिन्यांत, जून २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनची आठवी आवृत्ती जाहीर केली. ती जुन्या ल्युमियांवर चढवता येणार नव्हती. महागडा फोन वर्ष उलटण्याआधीच मागच्या पिढीतला ठरला. नंतरच्या ल्युमिया ५२० ने चांगला जम बसवला, पण अ‍ॅप लिहिणारे फारसे वळले नाहीत. विंडोज फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप ३१ डिसेंबर २०१९ नंतर बंद झाले. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक आणि एके काळची पहिल्या क्रमांकाची फोन कंपनी एकत्र येऊनही हे घडले.

जिओफोनचा अपवाद

या सर्वांत वेगळी ठरली ती जिओफोनची कथा, आणि ती थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे. जुलै २०१७ मध्ये रिलायन्सच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मुकेश अंबानी यांनी हा फोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत भरायची आणि तीन वर्षांनी परत घ्यायची, असा तो व्यवहार. त्यावरची प्रणाली ‘काईओएस’ होती, आणि ती उभी राहिली होती मोझिलाने टाकून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्याच पायावर. बुडालेल्या प्रणालीचा असा पुनर्जन्म सहसा पाहायला मिळत नाही.

जिओफोन आला तेव्हा त्यावरही व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. फेसबुक फेब्रुवारी २०१८ मध्ये आले आणि व्हॉट्सअ‍ॅप सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे पहिल्या ग्राहकांना वर्षभर वाट पाहावी लागली. पण ते आले. कारण या वेळी फोन लक्षावधींच्या हातात गेला होता आणि अ‍ॅप कंपन्यांना तिकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते. गुगलने तर जून २०१८ मध्ये काईओएस कंपनीत २ कोटी २० लाख डॉलर गुंतवले. फोरजीवर स्वस्तात बोलणे, गाणी, व्हिडिओ, या कामांसाठी जिओफोन उत्तम ठरला आणि ज्यांनी तेवढ्याचसाठी घेतला त्यांची फसगत झाली नाही. मात्र अँड्रॉइडची अ‍ॅप त्यावर चालत नव्हती. ई-पीक पाहणी आली तेव्हा जिओफोनवाल्याला दुसऱ्याचा फोन मागावाच लागला. २०२४ मध्ये काईओएसच्या अ‍ॅप-दुकानातून व्हॉट्सअ‍ॅपही काढून घेण्यात आले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळीत, जिओफोन नेक्स्ट आला. किंमत ६,४९९ रुपये आणि प्रणालीचे नाव ‘प्रगती ओएस’. नाव नवे, पण आत होती ती गुगलने कमी मेमरीच्या फोनांसाठी बेतलेली अँड्रॉइड. प्ले स्टोअर त्यात होते. फायरफॉक्स ओएस किंवा टायझनची जोखीम येथे नव्हती. नवे नाव ऐकून दचकू नये आणि हुरळूनही जाऊ नये. त्याखाली काय आहे, ते विचारावे.

स्वदेशी प्रणाली म्हणून गाजावाजा झालेल्या ‘भारओएस’बाबतही हेच. आयआयटी मद्रासच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कंपनीने ती तयार केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. तिचाही पाया अँड्रॉइडच्या मुक्त आज्ञावलीचा आहे. पण ती मांडण्यात आली कडक सुरक्षिततेची गरज असलेल्या संस्थांसाठी. शेतकऱ्याच्या वा दुकानदाराच्या खिशातील फोनसाठी ती नव्हती. या प्रणालीच्या बातम्या वाचून दुकानात ‘देशी फोन’ मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

नाव न घेता सोडता येणार नाही अशी आणखी एक प्रणाली ‘इंडस ओएस’. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुंबईत उभारली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर ती आली. अँड्रॉइडवरच बेतलेली, पण मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येणारी. त्या काळी पुष्कळ फोनांवर देवनागरीची जोडाक्षरे फुटत, कधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. मराठी माणसाला मराठीत फोन वापरता यावा, ही गरज इंडसने ओळखली. पुढे गुगलने भारतीय भाषांची सोय स्वतःच्याच प्रणालीत केली आणि वेगळ्या प्रणालीचे कारण उरले नाही. २०२२ मध्ये फोनपेने इंडस ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ या नावाने तिचे रूपांतर अँड्रॉइड फोनांवरील अ‍ॅपच्या दुकानात झाले. चांगला विचार टिकला, प्रणाली टिकली नाही.

घोडे कोठे अडते

नव्या प्रणालीवर ग्राहक नाहीत म्हणून अ‍ॅप लिहिणारे येत नाहीत आणि अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शासकीय खात्यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र. तालुक्याच्या कृषी कार्यालयासाठी अ‍ॅप करून घेताना खाते बहुसंख्यांच्या हातातल्या अँड्रॉइडपुरते पाहते. कित्येकदा आयफोनची आवृत्तीसुद्धा मागाहून येते. दोन-तीन टक्के लोकांच्या प्रणालीसाठी निविदा काढायला कोणते खाते तयार होईल?

दुसरी अडचण बँकांची. पैशांचे व्यवहार करणारी बरीच अ‍ॅप सुरू होताच फोनची प्रणाली अस्सल आणि प्रमाणित आहे काय, ते तपासून घेतात. अँड्रॉइडमध्ये ही तपासणी गुगलच्या सेवांमार्फत होते. अँड्रॉइडच्या मुक्त आज्ञावलीतून निघालेल्या, पण गुगलचे प्रमाणपत्र नसलेल्या प्रणालीवर अ‍ॅप कसेबसे चढवता आले तरी ते उघडताच नकार देण्याची शक्यता असते. साध्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवण्यासाठी मार्च २०२२ मध्ये ‘१२३-पे’ ही सेवा सुरू झाली, तिचा आधार अशा वेळी घेता येतो. पण स्मार्टफोनचे पैसे मोजून साध्या फोनची वाट धरणे हा काही शहाणपणा नव्हे.

तिसरे कारण बाजारातल्या सत्तेचे. फोन उत्पादकांना वेगळ्या वळणाचे अँड्रॉइड विकसित करण्यापासून रोखणाऱ्या करारांसह गुगलच्या अनेक व्यवहारांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो दंड कायम ठेवला. नव्या प्रणाली केवळ स्वतःच्या दोषांनी बुडाल्या असे म्हणणे त्यामुळे अर्धसत्य ठरते. तथापि, न्यायाचा हा झगडा हिंगोलीच्या ग्राहकाने आपल्या सहा हजार रुपयांनिशी लढण्याचे कारण नाही.

जुने म्हणजे सोने?

याचा अर्थ अँड्रॉइडचे नाव दिसले की डोळे मिटून पैसे मोजावेत असा नव्हे. खुद्द अँड्रॉइडही कधी काळी नवखीच होती. २००८ मध्ये तिचा पहिला फोन आला आणि २००९ मध्ये एचटीसीचा ‘मॅजिक’ भारतात मिळू लागला, त्या वेळी अनुभवी सल्लागार नोकियाची सिम्बियन हाच भरवशाचा पर्याय सांगत. जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या दुकानाने सिम्बियनची नवी अ‍ॅप स्वीकारणे थांबवले. भरवशाचे म्हणतात त्याची अवस्था अशी पाच वर्षांत पालटू शकते.

शिवाय एकाच नावाच्या प्रणालीतही आवृत्तीगणिक फरक असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ५.० पूर्वीच्या फोनांवर काम करणे थांबवले. त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, अँड्रॉइड २.३ आणि त्यापूर्वीच्या फोनांवरून गुगल खात्यात प्रवेश करणेच बंद झाले होते. गुगलने ऑक्टोबर २०२३ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ पासून आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे अद्ययावत आवृत्त्या पुरवण्याचे आश्वासन दिले. कमी किमतीच्या फोनांना मिळणारा कालावधी यापेक्षा बराच कमी असतो, आणि ग्रामीण भागात नेमके तेच फोन अधिक वर्षे वापरले जातात. घरातल्या कर्त्याकडून मुलाकडे, मुलाकडून आजीकडे असा त्यांचा प्रवास होतो.

अंगणवाडी सेविकांचे उदाहरण येथे बोलके आहे. पोषणविषयक नोंदी ठेवण्यासाठी राज्यातील सेविकांना शासनाने अँड्रॉइड फोन दिले होते. पण त्यांची मेमरी अवघी दोन जीबी होती. केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आल्यावर ते त्या फोनांवर नीट चालेना, फोन तापू लागले, बंद पडू लागले. त्यात अ‍ॅपची भाषा इंग्रजी. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन राज्यभर केले. प्रणाली योग्य, तिचे अ‍ॅप उपलब्ध, आणि तरीही फोन कुचकामी. मोठ्या संख्येने खरेदी करणाऱ्या शासनाचा अंदाज जेथे चुकतो, तेथे एकट्या ग्राहकाने अधिकच चौकस असायला हवे.

दुकानात काय पाहावे

पैसे देण्यापूर्वी फोन सुरू करून घ्यावा. सेटिंगमधील ‘फोनविषयी’ या भागात प्रणालीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि सुरक्षा-अद्ययावततेची तारीख दिसते. ही तारीख वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल तर तो माल गोदामात पडून राहिलेला आहे किंवा कंपनीने त्याकडे पाठ फिरवली आहे. प्ले स्टोअर असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणपत्राचा उल्लेख असतो, तो ‘प्रमाणित’ असा आहे ना, ते पाहावे. प्ले स्टोअर नसेल, तर विक्रेता ‘नंतर टाकून देतो’ म्हणेल. ते ऐकू नये. बाहेरून मिळवलेल्या अ‍ॅपच्या फाइलींतून खात्यावरचे पैसे लंपास होण्याचे प्रकार घडतात.

त्यापेक्षा उत्तम परीक्षा म्हणजे आपल्याला लागणारी तीन-चार अ‍ॅप दुकानातच उतरवून पाहणे. ई-पीक पाहणी, आपल्या बँकेचे अ‍ॅप, पीएम किसान, व्हॉट्सअ‍ॅप. उतरतात काय, उघडतात काय, मराठीत टंकलेखन होते काय? दुकानाबाहेर मोकळ्या आकाशाखाली येऊन नकाशात आपले ठिकाण बरोबर दिसते काय, हेही पाहावे. सेनगाव किंवा औंढ्याच्या डोंगराळ भागात, जेथे रेंज जाते-येते, तेथे जीपीएस कमकुवत असलेला फोन शेताच्या बांधावर घाम फोडतो. मेमरी चार जीबीपेक्षा कमी असलेला फोन आता स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुरुस्ती हिंगोलीत होते की त्यासाठी नांदेड गाठावे लागते, हेही विचारून ठेवावे. नवख्या प्रणालीच्या फोनचा पडदा फुटला तर त्याचा सुटा भाग मिळणे हेच मोठे दिव्य असते.

नव्या प्रणालीचा फोन मुळीच घेऊ नये, असे मात्र नाही. घरात एक चांगला अँड्रॉइड फोन आहे आणि दुसरा केवळ बोलण्यासाठी, गाणी-कीर्तने ऐकण्यासाठी हवा आहे, तर स्वस्त, बॅटरी चार दिवस टिकणारा, बटनांचा काईओएस धर्तीचा फोन वडीलधाऱ्यांच्या हाती अधिक सुखाचा. तंत्रज्ञानाची हौस असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून वेगळी प्रणाली जरूर वापरावी. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि सातबारा, विमा, बँक, मुलांचा अभ्यास हे सारे त्याच्यावरच अवलंबून आहे, त्या घराने तो प्रयोग करू नये. अशा घराने नवी प्रणाली बाजारात येऊन दोन वर्षे होईपर्यंत थांबावे. क्लाउड एफएक्सचे भवितव्य कळायला दीड वर्षच लागले होते.

पावतीच्या बाबतीत हयगय नको. पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव आणि आयएमईआय क्रमांक असावा. विक्रेत्याने ‘सगळी अ‍ॅप चालतात’ असे सांगून फोन विकला असेल तर ते वाक्य पावतीवर लिहून मागावे. जो विक्रेता ते लिहून द्यायला कचरतो, त्याचे उत्तर तेथेच मिळते. कंपनीची एक वर्षाची हमी यंत्रातील बिघाडापुरती असते. उद्या एखाद्या अ‍ॅपने त्या प्रणालीकडे पाठ फिरवली तर हमीपत्र काही कामाचे नाही. खोटी माहिती देऊन विक्री झाली असेल तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. फोन नांदेडहून आणलेला असो वा ऑनलाइन मागवलेला, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे हिंगोलीतच, दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर गाऱ्हाणे मांडावे. तो क्रमांक कोणत्याही प्रणालीच्या फोनवरून लागतो.